उपकरण कोणाच्या हाती?

जनावर लंगडू लागले की तापल्या सळईने डाग देणारा जाणता गृहस्थ पूर्वी आपल्या खेड्यांत सहज मिळे. आता मनवेलपाड्यासारख्या गावी इमारती उठल्या, घरांतून कुत्री पाळली जाऊ लागली, आणि सळईच्या जागी लेझरची व सौम्य विद्युत्प्रवाहाची यंत्रे आली. ती पशुवैद्येतर मनुष्याने चालवावी काय, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या ३० व्या कलमान्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यासच आहे. पदविका वा प्रमाणपत्र असलेल्या साहाय्यकास राज्य सरकार किरकोळ सेवेची परवानगी देऊ शकते, परंतु ती पशुवैद्याच्या देखरेखीखालीच. या सेवांत लस टोचणे, खच्ची करणे, जखम बांधणे यांचा निर्देश आहे, लेझरचा नाही. १ एप्रिल २०२० पासून जनावरांची उपकरणेही औषधांच्या कायद्याखाली आली खरी, तथापि त्याचा रोख मुख्यत्वे निर्मिती व विक्रीवर आहे, वापरणाऱ्या हातावर नव्हे.

कोणी म्हणेल, प्रकाशाने काय अपाय होणार? पुष्कळ होतो. तीव्र किरण डोळ्यांत गेल्यास दृष्टिपटल जळते. शिवाय कुत्र्याचे लंगडणे कधी हाडाच्या कर्करोगाचे लक्षण असते. अशा गाठीवर किरण सोडणे वर्ज्य मानतात, आणि वरवर वेदना शमली तर खरा रोग आठवडेच्या आठवडे झाकून राहतो. (माणसाचा रोगी निदान तक्रार तरी करतो!)

सरसकट बंदी आम्हांस मान्य नाही. निदान पशुवैद्याने करावे, मात्रा व मुदत लिहून द्यावी, मग शिकविलेल्या साहाय्यकाने यंत्र चालवावे. यासाठी नवा कायदाही नको. किरकोळ सेवांत अधिसूचनेने भर घालण्याची मुभा त्याच कलमाने राज्य सरकारास दिली आहे.