टिनाच्या छपरासाठी खिळा, आकडा की स्क्रू ?

अमरावती व अकोला जिल्ह्यांत मे अखेरीस व मृगाच्या आरंभी जी वादळे सुटतात, त्यांत कोठ्यांवरील टिनपत्रे उडण्याचे प्रकार घडतात. उडालेला पत्रा माणसांच्या व जनावरांच्या जिवावर बेततो. पत्र्यांवर दगड ठेवण्याचा प्रघात तर अधिकच घातक होय. पत्रा उचलला गेला की तोच दगड खाली येतो.

वारा छपरास खाली दाबतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः छपरावरून वेगाने वारा वाहताना तेथील हवेचा दाब घटतो व आतील हवा पत्र्यास वर ढकलते. कोठ्याची एक बाजू उघडी असल्यास हा जोर वाढतो. म्हणून जे साधन वर खेचले असता निघत नाही, तेच निवडावे.

साधा खिळा लाकडात केवळ घर्षणाने टिकतो. त्यातून वऱ्हाडचे ऊन असे की, पत्र्याचे तापमान चाळीस अंशांनी वाढल्यास दहा फुटी पत्रा सुमारे दीड मिलिमीटर लांबतो व रात्री पुन्हा आखडतो. या रोजच्या ओढाताणीने खिळा सैल होतो. काळा खिळा गंजतो, तो निराळाच. खिळाच वापरावयाचा असल्यास तो जस्ताचा मुलामा दिलेला व पिळाचा असावा.

खाली लोखंडी अँगल किंवा पाइप असल्यास त्यास कवटाळणारा आकड्याचा बोल्ट, म्हणजेच दुकानातील जे-हुक, भरवशाचा. चौकोनी पाइपास टोकाशी बरमा असलेला स्क्रू सोयीचा पडतो. सागवानी लाकडास लाकडी आट्यांचा स्क्रू घ्यावा. तो लाकडात निदान दीड इंच शिरला पाहिजे. प्रत्येकाखाली रबरी किंवा डांबरी वायसर हवाच. वायसर किंचित दबेपर्यंतच पिळावे. फार आवळल्यास तो फाटतो व पाणी शिरते.

हवेच्या दाबाने खिळे मारणारी नेलगनही आता मिळते. अमेरिकेत लाकडी फळ्यांवर डांबरी कौले ठोकण्यास व भिंतींना बाहेरून फळ्या बसविण्यास ती वापरतात. आपल्या भिंती विटामातीच्या किंवा तुऱ्हाटी-पऱ्हाटीच्या कुडाच्या. तेथे तिचे काम नाही. पन्हाळी पत्रा तर तिच्या एकाच आघाताने चेपतो व वायसर नीट बसत नाही. गट करून साधन घ्यावयाचेच झाल्यास स्क्रू बसविणारे विजेचे ड्रिल घ्यावे, हे बरे.

छिद्र पन्हाळीच्या माथ्यावर पाडावे, खळग्यात नव्हे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येत असल्याने पत्रे पूर्वेकडून बसवीत यावे, म्हणजे जोडाची कड वाऱ्यास सापडत नाही. वळचणीस, कोपऱ्यांत व आढ्याशी एक पन्हाळ सोडून एक बांधणी असावी. मध्यभागी थोडी विरळ चालेल. सिमेंटच्या पत्र्यास मात्र खिळा कधीही ठोकू नये, तो तडकतो. जुना पत्रा पुन्हा वापरताना जुनी छिद्रे मोठी झालेली असल्यास ती डांबराने बुजवून शेजारच्या माथ्यावर नवीन पाडावीत.