बंब आणि धुराची वाट

दिवाळीच्या पहाटे ज्या घरात बंब पेटतो, त्या घरातील मुलांना हाका मारून उठवावे लागत नाही. करवंट्यांचा तडतडाट आणि तोटीखालच्या बादलीतून उठणारी वाफ हीच त्यांना जागे करतात. आता बहुतेक घरांत विजेची किंवा गॅसची साधने आली आहेत. तरीही आमच्या बेळगाव-खानापूरच्या बाजूस जुन्या घरांतून व खेड्यांतून तांब्याचा बंब अद्याप कामावर आहे. आणि जेथे तो आहे, तेथे जळण आणणे, राख काढणे ही कामे बहुधा मुलांकडेच असतात. म्हणून विद्यार्थिमित्रहो, या रोजच्या सोबत्याची निगा कशी राखावी, आणि ती न राखल्यास काय ओढवते, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

आरंभी आमच्या घरचाच एक प्रसंग सांगतो. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. आमचा बंब एरवी मागील पडवीत असे. आषाढात एकदा पावसाची झड पडवीत येऊ लागली, तेव्हा मोठ्या माणसांनी तो उचलून न्हाणीघरात ठेवला. वारा येऊ नये म्हणून झरोक्यात गोणपाटाचा बोळा कोंबला. जळण ओले होते. प्रथम धूर पुष्कळ झाला, म्हणून दार उघडे ठेवले होते. पुढे जाळ बसला, धूर संपला, लालबुंद निखारे तेवढे उरले. आता भय नाही असे समजून धाकटा भाऊ आत गेला आणि त्याने दाराला कडी घातली. बराच वेळ झाला तरी तो बाहेर येईना. आईने हाक मारली, उत्तर नाही. वडिलांनी खांद्याने दार फोडले, तेव्हा तो मोरीपाशी निपचित पडलेला दिसला. त्याला तसाच उचलून उघड्या पडवीत आणला. पावसाचे तुषार अंगावर घेत काही वेळाने त्याने डोळे उघडले. तो वाचला, परंतु “धूर तर मुळीच नव्हता, मग असे झाले कसे?” हा आईचा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. त्याचे उत्तर आम्हांस पुढे शास्त्राच्या पुस्तकात सापडले. हा लेख म्हणजे तेच उत्तर होय.

प्रथम बंबाची रचना पाहू. बंब म्हणजे तांब्याचे उभे, नळकांड्यासारखे भांडे. त्याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत एक रुंद नळी जाते. नळीच्या तळाशी जाळी असते आणि जाळीखाली राख पडण्यास मोकळी जागा. जळण नळीत पेटते. पाणी नळीच्या सभोवती असते. म्हणजे विस्तव मध्ये आणि पाणी भोवती. चुलीवरच्या हंड्याला केवळ बुडाकडून व थोडी कडेने आच लागते. बंबात मात्र विस्तवाला पाण्याने चहूंकडून वेढलेले असते. त्यामुळे उष्णता वाया कमी जाते.

आता हा विस्तव जळतो कसा? हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, तो मिळाल्यावाचून काहीही जळत नाही. नळीतील हवा तापली की प्रसरण पावते. २७ अंश सेल्सिअसची हवा ३२७ अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान दुप्पट होते, अर्थात तितक्याच जागेतील तिचे वजन निम्मे होते. ही हलकी हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास खालून, जाळीवाटे, थंड हवा आत शिरते. यालाच आपण बंब ‘ओढतो’ असे म्हणतो. सारांश, विस्तवाला दोन वाटा लागतात: एक हवा येण्याची, दुसरी धूर जाण्याची. यांपैकी एक जरी बुजली तरी दुसरी निरुपयोगी होते. बंबाची सारी निगा या दोन वाटा मोकळ्या ठेवण्यात आहे.

हाच नियम थंड देशांतील लोकांना फार मोल देऊन शिकावा लागला. तेथे घर उबदार ठेवण्यासाठी भिंतीत उघडा चुला असे आणि त्यातील बहुतेक उष्णता धुरांड्यावाटे आकाशात जाई. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन याने उष्णता खोलीत राखणारी लोखंडी शेगडी योजली आणि १७४४ साली तिच्यावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. परंतु तिच्यात धुराला वर जाण्यापूर्वी खाली वळावे लागे. विस्तव मंदावून धूर निवला की तो पुढे सरेना. पुढे इतरांनी त्या शेगडीची धुराची वाट सुधारली, तेव्हा ती चांगली चालू लागली. १७९६ मध्ये काउंट रमफोर्ड याने धुरांड्याचा गळा अरुंद करून त्याची ओढ वाढविण्याची रीत लिहून ठेवली. आज तेथील कित्येक घरांत जुन्या चुल्यात दार असलेली लोखंडी पेटी बसवितात. परंतु तिचे धुरांडे दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून झाडून घ्यावे, असा नियम सांगितलेला असतो. याचे कारण काजळी. ओल्या किंवा गुदमरत जळणाऱ्या लाकडाचा धूर धुरांड्यात निवला की त्यातील डांबरासारखा अंश आतून चिकटतो. हा थर स्वतःच ज्वालाग्राही असतो. एखाद्या दिवशी जाळ वर पोहोचला की धुरांडेच पेट घेते. इंग्लंडात ही काजळी काढण्यासाठी लहान मुलांना धुरांड्यात चढवीत असत. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली दाखवून दिले की, या काजळीमुळेच धुरांडी झाडणाऱ्यांना कर्करोग जडतो. काजळी म्हणजे निरुपद्रवी काळा रंग नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या बंबाकडे वळू. त्याच्या निगेची कामे चार आहेत: जळण, काजळी, राख आणि पाणी.

जळण कोरडे असावे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. समजा, १ किलो ओल्या लाकडात अर्धा किलो पाणी आहे. ते तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत १० लिटर पाणी ३० अंशांनी तापले असते. म्हणजे ओल्या लाकडाच्या प्रत्येक किलोमागे एक लहान बादलीभर ऊन पाणी आपण वाफ करून उडवून देतो. शिवाय धूर आणि काजळी पदरात पडते ती वेगळीच. यासाठी पावसाळ्याचे जळण उन्हाळ्यातच फोडून, जमिनीपासून थोडे उंच, वारा खेळेल असे रचून ठेवावे. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर टणक आवाज होतो. ओल्या असल्यास तो बद्द येतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लास्टिक, रबर आणि फटाक्यांचे कागद बंबात कदापि घालू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. धगधगत्या बंबावर घासलेट ओतणे तर स्वतःच्या हाताने अपघात बोलावण्यासारखे आहे.

काजळी आठवड्यातून एकदा काढावी. बंब पूर्ण थंड झाल्यावर काठीला काथ्याची जुडी किंवा ताठ कुंचा बांधून मधली नळी वरून खालपर्यंत घासावी. नाकावर फडके बांधावे. काजळीचा थर उष्णता अडवितो, म्हणून नळी स्वच्छ असली की पाणीही लवकर तापते. बंबाच्या नळीवर पत्र्याचे धुरांडे जोडून ते छपराबाहेर नेले असेल, तर त्यात वळणे थोडी असावीत, ते वाशांना किंवा गवताला चिकटलेले नसावे, आणि वर्षातून निदान एकदा, पावसाळ्यापूर्वी, ते उतरवून झाडावे. पक्ष्यांची घरटी पुष्कळदा तेव्हाच सापडतात.

राख रोज काढावी. जाळीखालची जागा भरली की हवेची वाट बंद झाली. मात्र राखेत दडलेला निखारा कित्येक तास जिवंत राहतो. ती प्लास्टिकच्या बादलीत, कचऱ्याच्या ढिगावर किंवा गवताच्या गंजीजवळ टाकू नये. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, पुरी थंड होऊ द्यावी. मग ती भांडी घासण्यास न्यावी.

पाणी भरल्यावाचून विस्तव पेटवू नये. आत पाणी आहे तोवर तांबे १०० अंशांच्या फारसे वर तापत नाही. कथील आणि शिसे यांचा डाख १८३ अंशांपासूनच वितळू लागतो. म्हणून रिकामा बंब पेटविला की सांधे सुटतात आणि तांबटाकडे खेप पडते. जितके ऊन पाणी काढावे तितके थंड पाणी वर घालीत जावे. पाणी घालण्याच्या तोंडावर सैल झाकण असावे; घट्ट बूच कधीही मारू नये, कारण कोंडलेली वाफ भांडे फोडते.

आता आमच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली. लाकडातील कर्बाला पुरेसा प्राणवायू मिळाला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. प्राणवायू अपुरा पडला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील तांबडे द्रव्य जे हिमोग्लोबिन, ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचविते. परंतु या वायूशी ते प्राणवायूपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट जखडले जाते. मग श्वास चालू असूनही मेंदूला प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, मळमळते, भोवळ येते. पुढे हातापायांतील बळ जाते, आणि कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही. धुराने निदान खोकला तरी येतो, माणूस बाहेर पळतो. निखारे मात्र काही न सांगता मारतात. त्या दिवशी धूर संपला होता. पण कोंडलेल्या न्हाणीघरात निखारे हा वायू ओतीतच होते. धूर दिसेनासा झाला म्हणजे धुराच्या वाटेचे काम संपले, असे समजण्यात आमची चूक झाली.

म्हणून बंब उघड्या पडवीत किंवा परसात असावा. आत ठेवणे भागच असेल तर त्याचे धुरांडे छपराबाहेर गेलेले असावे आणि झरोका सताड उघडा असावा. बंब पेटता असताना त्या खोलीत कडी लावून कोणीही स्नान करू नये. पाणी बादलीत काढून दुसरीकडे न्यावे. थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपणाऱ्यांचे मृत्यू उत्तरेकडून दर हिवाळ्यात वाचनात येतात, कारण हेच. आणि ज्यांच्या घरी बंब नाही त्यांनीही निश्चिंत राहू नये. बंद न्हाणीघरात बसविलेला गॅसचा गीझर हाच वायू निर्माण करू शकतो; तोही बाहेर किंवा हवेशीर जागीच बसविला पाहिजे. हा वायू ओळखून घंटा वाजविणारे लहान यंत्र आता बाजारात मिळते. ज्याला शक्य असेल त्याने ते घ्यावे.

असा प्रसंग ओढवलाच, तर दार-खिडक्या उघडाव्यात, माणसाला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, स्वतः आत रेंगाळू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला वैद्याकडे नेलेच पाहिजे. कोणी भाजल्यास त्या जागी २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तूप, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये.

शेवटी एक सोपा प्रयोग. उद्या बंब पेटविण्यापूर्वी, आत थोडे कागद जाळून नळी किंचित तापवा. मग पेटती उदबत्ती जाळीखालच्या तोंडापाशी धरा. तिचा धूर सरळ आत ओढला गेला तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. तो तेथेच घुटमळला किंवा तुमच्याकडे परतला, तर कोठेतरी राख, काजळी किंवा घरटे अडलेले आहे. ते काढल्यावाचून पुढे जाऊ नका. प्रयोग मोठ्या माणसांच्या देखत करा, सुती कपडे घाला, आणि लहान भावंडांना दूर उभे करा. आमच्या घरी त्या आषाढानंतर हा प्रयोग रोज होत असे, आणि तो करण्याचा मान धाकट्या भावाला होता.