बाप लिहिलं, पाप वाचलं

धाराशिवात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पुढची खोली दुकान, मागे घर. सुरुवात रेडिओ-टीव्हीवर केली, आता मिक्सर, इन्व्हर्टर आणि विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर. काउंटरच्या मागे, देवीच्या फोटोखाली, एक घड्याळ आहे. खालच्या ओळीत चार काचेच्या ट्यूबा, त्यांत निखाऱ्याच्या रंगाचे आकडे. वरच्या ओळीत आणखी चार, त्यांत हिरवट-निळी इंग्रजी अक्षरं. दर चार सेकंदांनी वर नवा शब्द येतो. पंखा भरून घ्यायला आलेला माणूस पंखा विसरून बघत बसतो, मग विचारतो, "केवढ्याला पडलं?" विकायचं नाही म्हटलं की, "मग आम्हाला एक करून द्या की."

करून देत नाही. पण कुणाला स्वतः करायचं असेल, तर दीड वर्ष आणि दोन सणसणीत झटके खर्चून जे कळलं ते सांगतो.

१. बाजारात मिळत नाही, हे आधी मान्य करा.

मी सोलापूर पालथं घातलं, हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड. आयसी मिळाल्या, कॉइल मिळाली, ट्यूब म्हटलं की लोक बारक्या निऑन दिव्यांचं पाकीट पुढे करायचे. लॅमिंग्टन रोडवरचा एक म्हातारा दुकानदार तेवढा समजला. म्हणाला, "तुझ्या वडलांना पाठवायचं होतंस."

खरं होतं त्याचं. निक्सी ट्यूब ही १९५० च्या दशकातली वस्तू. अमेरिकेत हेडू ब्रदर्सनी काढली, ती कंपनी बरोज कॉर्पोरेशनने घेतली आणि १९५५ च्या सुमारास ट्यूब बाजारात आली. आत शून्य ते नऊ असे दहा आकडे, तारेचे वळवलेले, एकामागे एक उभे. पुढे बारीक जाळी, भोवती निऑन वायू. ज्या आकड्याच्या तारेला जोड मिळेल तिच्याभोवतीचा वायू उजळतो. तार तापवून उजेड पाडायचा नसल्याने ती बल्बसारखी जळून तुटत नाही. कॅल्क्युलेटर, व्होल्टमीटर, प्रयोगशाळेतले फ्रिक्वेन्सी काउंटर, सगळ्यांत हीच असायची. सत्तरीत एलईडी आला आणि ही अडगळीत गेली. रशियन कारखाने मात्र पुढेही बरीच वर्षं काढत राहिले. जगभरचे हौशी लोक आज तोच साठा संपवतायत. चेक देशात दालिबोर फार्नी नावाचा माणूस नव्या ट्यूबा हाताने घडवतो, पण त्याच्या एका ट्यूबेत आमच्याकडे वापरलेला फ्रीज येतो.

शब्दांसाठी बरोजचीच बी-७९७१ नावाची मोठी ट्यूब होती, अडीच इंची अक्षराची. अमेरिकेत शेअरचे भाव दाखवणाऱ्या फळ्यांवर ती लागायची. चार ट्यूबांवर चार अक्षरी शब्द दाखवायचा नाद हौशी लोकांना तिनेच लावला. तिची किंमत विचारून मी गप्प बसलो. शेवटी रशियन आयव्ही-१७ घेतल्या. त्या निक्सी नव्हेत, जात वेगळी. सोनाराच्या काट्यावर हिरवट-निळे आकडे असतात ना, त्या जातीच्या. ही जात जपानची, १९६० च्या दशकातली. शुद्ध निक्सीवाले नाकं मुरडतात. मुरडू देत.

२. खोकं नीट वाचा.

आकड्यांसाठी मी आयएन-१२ घेतल्या. खोक्यावर नाव रशियन लिपीत असतं, आपल्याला ते उलटा एन आणि एच असं दिसतं. एक ट्रॅक्टरवाला गिऱ्हाईक खोकं फिरवून म्हणाला, "एनएच बारा? हा कुठला रस्ता? आपल्याकडनं बावन्न जातोय, नळदुर्गाकडनं पासष्ट." तेव्हापासून घरात घड्याळाचं नाव हायवे.

आयव्ही-१७ घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो आरशासारखा चकचकीत हवा. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, ट्यूब गेली. माझ्या पार्सलातली एक अशीच निघाली. विकणाऱ्याने फोटोत तीच बाजू भिंतीकडे करून ठेवली होती.

३. एक हात खिशात.

निक्सी पेटायला साधारण १७० व्होल्ट डीसी लागतो. करंट अगदीच कमी, अडीच-तीन मिलीअँपिअर, पण कंडेन्सर भरलेला असतो आणि तो त्याच्या हिशेबाने रिकामा होतो. २३० च्या लाइनवर उभं आयुष्य गेलेला माणूस १७० ला काय भिणार, अशा तोऱ्यात मी बारा व्होल्टवरून चढवणारा सप्लाय बनवला, प्लग काढला आणि लगेच दोन्ही हातांनी बोर्ड उचलला. बोर्ड समोरच्या भिंतीपाशी सापडला. आता कंडेन्सरवर एक रजिस्टन्स कायमचा झाळलाय, बंद केल्यावर तो साठा पिऊन टाकतो. आणि चालू बोर्ड तपासताना डावा हात खिशात. जुने टीव्हीवाले हेच सांगायचे, तेव्हा आम्ही हसायचो.

४. आयव्ही-१७ चं गणित उलटं आहे. तिथे व्होल्टेज बेताचं, पंचवीस-तीस, पण समोर केसाहून बारीक तारा ताणलेल्या असतात आणि त्यांना फक्त अडीच व्होल्टच्या आसपास द्यायचं. दिवे घालवून बघितलं तरी त्या तारा लाल दिसता कामा नयेत. मी पाच व्होल्टच्या लाइनला जोडल्या. फार सुंदर दिसल्या, साधारण एक क्षण.

५. आयएन-१२ मधला पाच म्हणजे उलटा बसवलेला दोन आहे. कारखान्याने साचा वाचवला. एकदा कळलं की डोळ्यांना खुपतंच. कुणाला सांगू नका.

६. पाय जुळत नाहीत म्हणून आयसीला शिव्या देऊ नका.

निक्सी चालवायला के१५५आयडी१ नावाची रशियन आयसी घेतली, अमेरिकन ७४१४१ ची जुळी बहीण. सॉकेटमध्ये बसेना. मला वाटलं पाय वाकलेत. मग कळलं, त्यांच्या दोन पायांतलं अंतर अडीच मिलिमीटर, आपल्या सॉकेटचं २.५४. एका पायाला काहीच फरक नाही, पण आठ पायांच्या ओळीत शेवटचा पाय भोकाच्या काठावर येतो. हलक्या हाताने दाबली की बसते. दीड दिवस मी ट्यूबांवर संशय घेत होतो.

७. चार अक्षरांत मराठी मावत नाही. तरी कोंबून बघा.

या उद्योगातली खरी मजा हीच. इंग्रजीत चार अक्षरी शब्द पोत्याने आहेत, पण ते घेऊन मी काय करू? इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द बसवायला घेतले. 'अंबा' झोकात बसला, ए-एम-बी-ए. 'दूध' बसला, 'उठा' बसला. 'चहा'ला पाच अक्षरं लागतात, म्हणजे दुकानातला सगळ्यात गरजेचा शब्दच बाद. 'भात' लिहिलं तर एक जण भट वाचतो, दुसरा भाट, आणि इंग्रजी शाळेतला माझा भाचा बॅट. 'पाणी'चं पानी झालं. ण ला इंग्रजीत जागाच नाही, आपण आपलं समजून घ्यायचं.

आणि गावाचं नाव? उस्मानाबाद इंग्रजीत नऊ अक्षरं, धाराशिवही नेमकी नऊ. २०२३ मध्ये नाव बदललं तेव्हा पाटी रंगवणाऱ्यांचं मोजमाप तरी बदललं नसेल. माझ्या चार ट्यूबांना दोन्ही सारखीच न झेपणारी. मग रेल्वे स्टेशनचा कोड टाकला, यू-एम-डी. तीन अक्षरं, चौथी ट्यूब विझलेली, पडलेल्या दातासारखी. २०२५ मध्ये स्टेशनचंही नाव बदललं आणि नवा कोड आला, डी-आर-एस-व्ही. बरोब्बर चार. नामांतरावर आमच्या गल्लीत पुष्कळ वाद झालेत, त्यात मी पडत नाही, पण चौथी ट्यूब पेटली त्या रात्री मी एकटाच दुकानात बसून पेढा खाल्ला.

८. देवनागरीचा नाद करा, पण आईला परीक्षक नेमू नका.

आईला इंग्रजी येत नाही. पोथी घडाघडा वाचते. एक दिवस म्हणाली, "हे वरचं माझ्यासाठी न्हाई वाटतं." लागलं मनाला. आयव्ही-१७ मध्ये अक्षर सोळा तुकड्यांतून जुळवायचं असतं: वर दोन, खाली दोन, मध्ये दोन आडवे, बाजूंना आणि मध्यात उभे, चार तिरपे. मी चौकटीच्या वहीत बसलो. वरचे दोन आडवे तुकडे म्हणजे आयती शिरोरेषा. उजवीकडचे दोन उभे म्हणजे काना. डावीकडचा वरचा उभा घातला की ग. त्यात मधली आडवी रेघ घातली की प. छान चाललं होतं.

मग व आला. पोट गोल करता येत नाही, त्यामुळे तो प सारखाच. ब चंही तेच, ष चंही तेच. म ला खाली डावीकडे एक तिरपा तुकडा देऊन कसाबसा वेगळा काढला. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते आणि तिथे काच संपते. उकार खाली जातो, तिथे ट्यूबेचे पाय. म्हणजे उरले फक्त कान्याचे शब्द, आणि कान्याला एक अख्खी ट्यूब द्यायची. शिवाय दोन ट्यूबांमध्ये बोटभर फट, प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी. शाळेतल्या बाईंनी वही परत फेकली असती.

तरी 'नाम' लागला, 'राम' लागला, 'माप' लागला. हुरूप येऊन, वडलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी 'बाप' लावला. आई बाहेर आली, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पाप कशाला लिहिलास रे आजच्या दिवशी?"

त्या दिवसापासून वर इंग्रजी, खाली आकडे. आकडे आईला येतात.

९. वेळ बरोबर ठेवायचं काम स्वस्तातल्या चिपला द्या.

जुनी इलेक्ट्रॉनिक घड्याळं विजेच्या पन्नास हेलकाव्यांवर चालायची. आमच्याकडे लाइट आली-गेली करते, तो मार्ग बाद. डीएस३२३१ नावाची चिप, पाठीला बटण-सेल. लाइट गेली तरी आत मोजत राहते. कागदावर तिची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाकाठी मिनिटभर. पण बारीक अक्षरांत लिहिलंय, शून्य ते चाळीस अंशांपर्यंत. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली चाळीस सकाळीच होतात. उन्हाळ्यानंतर मी एकदा हाताने लावून घेतो.

१०. मोबाईलवर व्हिडिओ काढाल तर वरचे शब्द तुटके, लुकलुकते दिसतील. चारही ट्यूबा एकदम पेटत नाहीत, एकेक करून पेटतात, इतक्या झपाट्याने की डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. बिघाड समजून खोलू नका. मी खोललं.

११. सगळ्या आकड्यांना काम द्या, पण वेळ बघून द्या.

निक्सीला एक दुखणं असतं. जो आकडा पेटतो त्याच्या तारेतून धातूचे कण उडतात आणि न पेटणाऱ्या शेजाऱ्यांवर बसतात. फार दिवसांनी त्या शेजाऱ्याला बोलावलं तर तो अर्धामुर्धाच उजळतो. तासाच्या पहिल्या ट्यूबेत शून्य, एक, दोन एवढेच येतात, तीन ते नऊ वर्षानुवर्षं बसून. उपाय सोपा: रोज काही मिनिटं सगळे आकडे भराभर फिरवायचे. दिवसा गिऱ्हाईक असतं, म्हणून मी पहाटे पावणेचार ते चार ही वेळ ठरवली. त्या वेळी कोण जागं असणार?

आमचं मूळ गाव लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी आठ वर्षांचा होतो. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, आमचं घर तसलंच. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्या वेळी भिंतीवरचं घड्याळ थांबल्याच्या गोष्टी पुढे पुष्कळ ऐकल्या. आमच्या घरात घड्याळच नव्हतं. वेळ आईला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळली, आणि कळली ती अंगात बसली. तेव्हापासून साडेतीनच्या पुढे तिला झोप नाही.

माठ दुकानाच्या खोलीत असतो. कार्यक्रम नवीन घातला त्या पहाटे ती पाणी प्यायला आली आणि अंधारात बघते तर घड्याळातले सगळे आकडे वेड्यासारखे धावतायत, एकही ठरत नाही. तिच्या हाकेने मी उठलो. ती दाराची चौकट धरून उभी होती. "काय करलालास रे त्याला? टाइम दिसंना झालाय."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम दुपारी दोनवर नेला. आता गिऱ्हाईक विचारतं, बिघडलं का हो? मी म्हणतो, व्यायाम चाललाय.

तेव्हाच आईला विचारलं होतं, पहाटेचं ते एक मिनिट घड्याळ विझवून ठेवू का, दोन ओळींचं काम आहे. तिने माठावर झाकण ठेवलं, तांब्या पालथा घातला.

"नको. चार वाजलेले दिसले की मी चूल पेटवते."

चूल आमच्याकडे वीस वर्षांपासून नाही. गॅस आहे.