‘होणारच’मधला ‘च’

आनुवंशिकतेचा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांच्या तोंडून एक वाक्य मी हमखास ऐकतो : ‘आजीला साखर, बाबांना साखर, म्हणजे मला होणारच.’ पेडणे-डिचोलीच्या घराघरांत हे वाक्य सहज बोलले जाते, आणि त्याला आधारही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती.

वाक्याचा पूर्वार्ध दुर्लक्षिण्याजोगा नाही. सुश्रुतसंहितेनेही प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : मातापित्यांच्या बीजदोषातून येणारा सहज आणि अपथ्यातून होणारा. आजचे विज्ञान ‘टाइप टू’ मधुमेहात बीज आणि पथ्य ही दोन्ही कारणे एकत्र पाहते.

जनुक हा पेशीतला मजकूर मानला, तर माणसामाणसांत त्यातले एखादे अक्षर वेगळे असते. हीच जनुकीय विविधता. दहाव्या गुणसूत्रावरील टीसीएफ७एल२ या जनुकातील अशा एका भेदाचा मधुमेहाशी असलेला संबंध २००६ साली आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला. पुढच्याच वर्षी पुण्याचे केईएम रुग्णालय आणि हैदराबादची सीसीएमबी यांच्या संशोधकांना तो भारतीयांतही आढळला. या भेदामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्याचे काम उणे पडते आणि जोखीम सुमारे दीडपट होते.

‘दीडपट’ या शब्दापाशी वर्गात थांबावे. समजा, हा भेद नसलेल्या शंभरांपैकी दहांना मधुमेह होतो. मग भेद असलेल्या शंभरांत तो चौदा-पंधरांना होईल; उरलेल्या पंचाऐंशींना होणार नाही. असे शेकडो भेद ज्ञात आहेत आणि बहुतेकांचा वाटा याहूनही लहान आहे. म्हणून ‘मधुमेहाचे जनुक’ असे न लिहिता आपण ‘जोखीम वाढवणारा जनुकभेद’ असे लिहावे.

शिवाय एका-दोन पिढ्यांत जनुके फारशी बदलत नाहीत; बदलते ती राहणी. शेतात, कुळागरात राबणाऱ्या आजोबांचा नातू स्कूटरवरून कचेरीत जातो आणि दिवसभर बसून काम करतो. ताटातला भात मात्र तेवढाच राहतो.

अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत आहार सुधारून, नियमित चालून वजन उतरवणाऱ्या गटात टीसीएफ७एल२चा धोकादायक भेद असलेल्यांची वाढीव जोखीम बरीचशी ओसरली. चेन्नईच्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर केलेल्या चाचणीतही राहणी बदलल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

पाठाअखेर मी फळ्यावर तीन वाक्ये लिहितो : ‘मला होणारच.’ ‘मला होऊ शकतो.’ ‘घरात मधुमेह आहे, म्हणून मी रक्त वेळेवर तपासून घेईन आणि रोज चालेन.’ पुराव्याला धरून असलेली वाक्ये कोणती आणि का, हे विद्यार्थ्यांनी चार ओळींत लिहायचे. शिक्षकांनी हा स्वाध्याय घरी वाचून दाखवायला सांगावा. बाबांनी आणि आजीनेही तो ऐकायला हवा.