मुलीची अट निकाहनाम्यात लिहिता येते का?

प्रश्न : माझ्या मुलीचा निकाह ठरला आहे. ती बी.एड. करते. तिचा हट्ट आहे की, लग्नानंतर शिक्षण पूर्ण करू देण्याची आणि नोकरी करू देण्याची अट निकाहनाम्यातच लिहून घ्यावी. घरातली पुरुषमंडळी म्हणतात, अशी अट शरियतमध्ये बसत नाही आणि मुलाकडचे नाराज होतील. खरंच अट घालता येते का? अट मोडली तर मुलीच्या हातात काय उरतं? आणि भांडणात नवऱ्याने ‘मी तलाक दिला’ एवढं म्हटलं की सगळं संपतं का?
– एक आई, रोशन गेट परिसर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अट घालता येते, आणि शरियतच्या चौकटीत राहूनच घालता येते. तुमच्या मुलीला हे सुचलं याचा मला मनापासून आनंद झाला, कारण तिने हात घातला तो अगदी नेमक्या ठिकाणी.

निकाह हा करार आहे. वकील (म्हणजे निकाहातला मुलीचा प्रतिनिधी) आणि दोन गवाह मुलीच्या खोलीत जाऊन तिची रजामंदी विचारतात, ते तिच्या होकाराशिवाय हा करार उभाच राहत नाही म्हणून. जिचा होकार लागतो तिला आपलं म्हणणं करारात लिहून घेण्याचाही हक्क आहे. ही कल्पना आजच्या काळाची नाही. सतराव्या शतकातले सुरतेचे काही निकाहनामे टिकून राहिले आहेत आणि इतिहासकारांनी ते अभ्यासले आहेत. त्यांत चार अटी पुन्हा पुन्हा येतात : नवरा दुसरं लग्न करणार नाही, अंगावर खूण उमटेल अशी मारहाण करणार नाही, खर्चाची सोय न करता ठरल्या मुदतीपेक्षा जास्त काळ बाहेर राहणार नाही, आणि दासी ठेवणार नाही. अट मोडली तर बायकोला मोकळं होण्याचा मार्ग. औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता आणि आपल्या शहराला त्याचं नाव मिळालं, तोच हा काळ. त्या काळी सुरतेतल्या साध्यासुध्या घरांतल्या मुलींच्या कागदांवरही या अटी लिहिल्या जात होत्या.

घरातल्या पुरुषांच्या शंकेला मात्र थोडा आधार आहे, तो नीट समजून घ्या. आपल्याकडचे बहुतेक सुन्नी हनफी मताचे. हनबली मतात निकाहातल्या अटी नवऱ्यावर बऱ्याच कडकपणे बंधनकारक मानतात. हनफी मतात नुसती अट लिहिली आणि ती मोडली तर निकाह कायम राहतो आणि अट हवेत राहते. म्हणूनच हनफी फिकहने दुसरी वाट दिली : तफवीज-ए-तलाक. नवरा तलाकचा आपला अधिकार लेखी स्वरूपात बायकोकडे सोपवतो, आणि तो एखाद्या अटीला जोडता येतो. अमुक अट मोडली तर बायको स्वतः तलाक लागू करून घेऊ शकेल, असं त्याचं रूप असतं. यात नवऱ्याचा स्वतःचा अधिकार जात नाही, पण बायकोच्या हातातही एक किल्ली येते.

हे सांगणारे कोणी बाहेरचे सुधारक नव्हते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन् नाजिजा’ हा ग्रंथ लिहिला. छळणाऱ्या किंवा बेपत्ता नवऱ्यापासून सुटायला हनफी कायद्यात वाट सापडत नाही म्हणून पंजाबात काही बायका धर्मच सोडत होत्या. त्यावर उपाय शोधताना थानवींनी मालिकी मताचा आधार घेतला आणि निकाहाच्या वेळीच तफवीज लिहून घेण्याची वाटही समजावून सांगितली. त्याच मंथनातून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. तेव्हा घरात कोणी ‘हे शरियतविरुद्ध आहे’ म्हणालं, तर थानवींचं नाव घ्या. त्या नावापुढे मौलवीसाहेबही आवाज चढवणार नाहीत.

कोर्टांनीही तफवीज मानलेली आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५० मध्येच अशा लेखी कराराच्या आधारे बायकोने घेतलेला तलाक वैध ठरवला. पाकिस्तानात तर १९६१ च्या कायद्यानंतर निकाहनाम्यातच हा रकाना आला, अठरावा. तिथल्या बायकांची तक्रार अशी की, काझी अनेकदा मुलीला न विचारता त्यावर काट मारून टाकतो. म्हणजे छापील रकाना असला तरी तो कोण भरतं आणि भरताना मुलगी समोर आहे का, यावर सगळं अवलंबून.

आता तुमच्या मुलीची अट कशी लिहायची? ‘शिकू देईन’ असं मोघम लिहून भागणार नाही. बी.एड. पूर्ण होईपर्यंत कॉलेजला जाण्यास आणि त्यानंतर नोकरी करण्यास हरकत घेणार नाही, तिचा पगार तिचाच राहील, आणि ही अट मोडली तर तिला तफवीज-ए-तलाकचा अधिकार राहील, असं स्पष्ट लिहा. छापील निकाहनाम्यात जागा नसेल तर वेगळा कागद जोडा. त्यावर मुलाची, मुलीची आणि साक्षीदारांची सही हवी, निकाहनाम्यात त्या कागदाचा उल्लेख हवा. मसुदा वकिलाला दाखवून घ्या. निकाहनामा उर्दूत असेल आणि मुलीचं शिक्षण मराठी माध्यमातलं असेल, तर सही करण्याआधी तो तिला शब्दन् शब्द वाचून दाखवा. ‘कबूल है’ म्हणताना आपण कशाला कबूल म्हणतो आहोत हे तिला ठाऊक असलंच पाहिजे, यावर मी तसूभरही मागे हटणार नाही.

मेहेरचंही पाहा. कित्येक घरांत ७८६ रुपयांसारखा आकडा लिहून विषय मिटवतात. मेहेर हा मुलीचा हक्क आहे. घरच्या ऐपतीला शोभेल अशी रक्कम लिहा आणि त्यातलं किती लगेच मिळणार, किती नंतर, हेही लिहा.

तुमचा शेवटचा प्रश्न थेट आपल्या शहराशी जोडलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे १९८१ पासून आहे. बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याने कोर्टात लेखी जबाबात ‘मी हिला आधीच तलाक दिला आहे’ असं लिहावं आणि तेवढ्यावर सुटावं, ही पद्धत अनेक वर्षं चालू होती. २ मे २००२ रोजी याच खंडपीठातल्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्ण पीठाने दगडू पठाण विरुद्ध रहिमबी पठाण या खटल्यात तिला आळा घातला. तलाक दिला असं नुसतं म्हणून किंवा जबाबात लिहून तलाक होत नाही. तलाकचं कारण सांगितलं होतं का, दोन्ही बाजूंचे मध्यस्थ नेमले होते का, त्यांनी समेटाचा प्रयत्न केला होता का आणि तो फसला का, हे सारं नवऱ्याने सिद्ध करायला हवं, असं पीठाने ठरवलं. आधार होता कुरआनातल्या त्या आज्ञेचा, जी दोन्ही कुटुंबांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगते. त्याआधीच गुवाहाटी उच्च न्यायालयात न्या. बहारुल इस्लाम यांनी हीच दिशा दाखवली होती. पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर २००२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हेच तत्त्व देशभर लागू केलं.

तोंडी तलाकचं नाव निघालं की सगळे २२ ऑगस्ट २०१७ चा शायरा बानो निकाल आणि २०१९ चा तीन वर्षांच्या कैदेचा कायदा सांगतात. ते महत्त्वाचेच आहेत. पण माझ्या मते बाईच्या रोजच्या जगण्याला रहिमबीच्या निकालाचा आधार जास्त मोठा. नवरा तुरुंगात गेल्याने घरात पीठ येत नाही. तलाक सिद्ध झाला नाही तर ती बायको राहते आणि खर्च त्याच्यावरच राहतो. आणि तलाक झालाच, तरी घटस्फोटित मुस्लिम स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. नव्या संहितेत ते कलम १४४ आहे.

तफवीज लिहिलेली नसली तरी मुलगी अडकून पडत नाही. १९३९ च्या कायद्याखाली नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खर्च देत नसेल, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल किंवा छळ करत असेल, तर ती कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते. समजुतीने व्हायचं असेल तर खुलाची, म्हणजे बायकोने मागून घेतलेल्या तलाकची, वाट आहे. पण कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा आधी लिहिलेलं चांगलं. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन विधानभवनावर गेले, तेव्हा त्या बायका तोंडी तलाकविरुद्ध कायदा मागत होत्या. तो कायदा यायला अर्धं शतक लोटलं. तुमच्या मुलीला ज्या कागदाची गरज आहे तो याच महिन्यात तयार होऊ शकतो.

मुलाकडचे नाराज होतील का? काही घरं होतील. म्हणून हे निकाहाच्या दिवशी, काझीसाहेब रजिस्टर उघडून बसल्यावर काढू नका. मंगनीच्या बोलण्यातच मुलाच्या आई-वडिलांसमोर आणि मुलासमोर ठेवा. मुलीनेच बोलू द्या, शिकणार ती आहे. आज जो मुलगा शिक्षण पुरं करू देण्याच्या एका ओळीवर सही करायला नाही म्हणतो, त्याचं उत्तर तुम्हाला लग्नाआधीच मिळालं असं समजा.

निकाह झाला की निकाहनाम्याची आणि जोडकागदाची एक प्रत मुलीच्या हाती द्या, एक तुमच्याकडे ठेवा. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाह नोंदणी मुस्लिमांनाही लागू आहे. महापालिकेत ती करून घ्या आणि अर्जाबरोबर निकाहनाम्याची प्रत लावा.