क्रेडिट कार्डाविना प्रवास: दिवाळखोरीनंतरचे काही प्रश्न

प्रश्न 1: न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने, पतीची नोकरी गेल्यानंतर आणि पत्नीच्या आजारपणाची बिले थकल्यानंतर, अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातील चॅप्टर 7 खाली अर्ज केला होता. न्यायालयाने त्यांना नुकताच कर्जमुक्तीचा आदेश दिला असून त्यांची सर्व क्रेडिट कार्डे बंद झाली आहेत. मुलीच्या पदवीदान समारंभासाठी त्यांना कॅलिफोर्नियाला जायचे आहे. अशा प्रवासाला न्यायालयाची परवानगी लागते का, आणि केवळ डेबिट कार्डाच्या आधारे विमान, हॉटेल व भाड्याची गाडी यांची व्यवस्था होऊ शकते का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर: चॅप्टर 7 या प्रक्रियेत न्यायालयीन विश्वस्त, म्हणजे ट्रस्टी, कर्जदाराची कायद्याने संरक्षित नसलेली मालमत्ता विकून धनकोंची देणी शक्य तितकी भागवतो आणि उरलेल्या बहुतेक विनातारण कर्जांतून न्यायालय कर्जदाराला मुक्त करते, या मुक्ततेच्या आदेशाला डिस्चार्ज म्हणतात. हा आदेश मिळाल्यानंतर देशात किंवा परदेशात जाण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि दिवाळखोरी हे पासपोर्ट नाकारण्याचे कारणही ठरत नाही. भारताच्या 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत दिवाळखोर व्यक्तीने परदेशी जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी अशी तरतूद आहे, तिच्यावरून अमेरिकेतही तसेच बंधन असेल असा समज होऊ शकतो, पण तो खरा नाही. प्रकरण चालू असताना मात्र धनकोंच्या सभेला हजर राहावे लागते. ही सभा चॅप्टर 7 मध्ये सामान्यतः अर्ज दाखल झाल्यापासून 21 ते 40 दिवसांत ठेवली जाते, त्यामुळे तिची तारीख सांभाळूनच प्रवास आखणे आवश्यक असते. चॅप्टर 13 ची स्थिती याहून वेगळी आहे. त्यात कर्जदार 3 ते 5 वर्षे ठरलेल्या योजनेनुसार हप्ते भरतो आणि या काळात नवे क्रेडिट कार्ड किंवा अन्य कर्ज घेण्यापूर्वी ट्रस्टीची अथवा न्यायालयाची संमती मिळवावी लागते. प्रवासाचा खर्चही मंजूर अंदाजपत्रकात बसावा लागतो.

कायद्याची अडचण नसली तरी व्यवहाराची अडचण उरते, आणि ती समजण्यासाठी प्रवासात क्रेडिट कार्ड नेमके काय काम करते हे पाहिले पाहिजे. तिकिटाचे किंवा खोलीचे पैसे देणे हे त्याचे लहान काम आहे. खोलीचे नुकसान झाले, गाडीला ओरखडा पडला किंवा ग्राहक ठरल्या दिवशी परतला नाही, तरी वसुली होईल अशी हमी व्यावसायिकाला देणे हे त्याचे मोठे काम आहे. त्यासाठी हॉटेल किंवा गाडीची कंपनी अंदाजित रक्कम कार्डावर काही दिवस अडवून ठेवते. याला होल्ड म्हणतात. क्रेडिट कार्डावर होल्ड लागला की बँकेने दिलेल्या उसन्या मर्यादेतला भाग अडकतो, तर डेबिट कार्डावर तोच होल्ड लागला की ग्राहकाच्या खात्यातील स्वतःचे पैसे अडकतात. दिवाळखोरीनंतर प्रवाशाने जी वस्तू गमावलेली असते ती ही हमी होय, आणि पुढील सर्व तयारी म्हणजे त्या हमीची जागा स्वतःच्या शिल्लक रकमेने भरून काढण्याचा हिशेब आहे.

हा हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. खात्यात 1,500 डॉलर आहेत, हॉटेलचे 3 रात्रींचे भाडे 450 डॉलर आहे आणि हॉटेल किरकोळ खर्चापोटी दररोज 50 डॉलर, म्हणजे एकूण 150 डॉलर जादा अडवते. गाडीचे भाडे 240 डॉलर असून कंपनी 300 डॉलर अनामत म्हणून अडवते. त्याच दिवशी पेट्रोल पंपावर कार्ड सरकवले असता 40 डॉलरचे इंधन भरूनही 175 डॉलर अडवले जातात, असे समजू. प्रत्यक्ष खर्च 730 डॉलरचा, पण खात्यातून वापराबाहेर गेलेली रक्कम 1,315 डॉलर, आणि हाताशी उरतात केवळ 185 डॉलर. याच खात्यातून घरभाडे किंवा विजेचे बिल आपोआप कापले जात असेल, तर पैसे असूनही ते देणे परत जाते आणि वर बँकेचा दंड बसतो. म्हणून प्रवासासाठी स्वतंत्र चेकिंग खाते उघडून त्यात अंदाजित खर्चाच्या सुमारे दुप्पट रक्कम ठेवावी आणि घरखर्चाचे खाते त्यापासून पूर्ण वेगळे राखावे. पंपावर यंत्रात कार्ड घालण्याऐवजी आत जाऊन खिडकीवर रक्कम सांगून पैसे भरले की मोठा होल्ड टळतो. हॉटेलमध्ये चेक-इनच्या वेळी जे कार्ड दिले त्याच कार्डावर चेक-आउटचे बिल चुकते करावे, कारण दुसऱ्या कार्डाने पैसे भरल्यास पहिल्या कार्डावरचा होल्ड काही दिवस तसाच राहतो आणि एकाच खोलीसाठी दुप्पट रक्कम अडकून पडते.

विमानाचे तिकीट डेबिट कार्डावर काढण्यात फारशी अडचण येत नाही, पण परताव्याच्या बाबतीत भेद आहे. अमेरिकी परिवहन खात्याच्या नियमानुसार देय परतावा क्रेडिट कार्डावर कामकाजाच्या 7 दिवसांत, तर अन्य मार्गांनी दिलेल्या पैशांचा परतावा 20 दिवसांत करावा लागतो. त्यामुळे उड्डाण रद्द झाल्यास डेबिट कार्डधारकाला नवे तिकीट जुन्या तिकिटाचे पैसे परत येण्यापूर्वीच काढावे लागू शकते, आणि तेवढी तजवीज राखीव रकमेत असली पाहिजे.

सर्वांत अवघड टप्पा भाड्याच्या गाडीचा असतो. आगाऊ नोंदणी डेबिट कार्डावर होत असली तरी गाडी ताब्यात घेताना अनेक कंपन्या क्रेडिट कार्डाचाच आग्रह धरतात. काही कंपन्या विमानतळावरील शाखेत परतीच्या तिकिटाचा पुरावा पाहून डेबिट कार्ड स्वीकारतात, काही जादा ओळखपत्रे मागतात, तर काही डेबिट कार्डधारकाचा पतअहवाल, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, तपासतात आणि त्यावर अलीकडची दिवाळखोरी दिसल्यास गाडी नाकारू शकतात. शासकीय संस्थांनी परवाने देताना आणि मालकांनी नोकरीवरून काढताना केवळ दिवाळखोरीच्या कारणाने भेदभाव करण्यास दिवाळखोरी संहितेच्या कलम 525 ने मनाई केली आहे, पण गाडी भाड्याने देणारी खाजगी कंपनी त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. म्हणून गाडी ज्या शाखेतून घ्यायची त्याच शाखेला दूरध्वनी करून डेबिट कार्ड चालते का, अनामत किती, पतअहवाल तपासला जातो का आणि टोलचे पैसे कसे वसूल होतात, हे चार प्रश्न विचारावेत. अनेक क्रेडिट कार्डांबरोबर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचे जे संरक्षण मिळते ते डेबिट कार्डाबरोबर बहुधा मिळत नाही, तेव्हा घरच्या गाडीची विमा पॉलिसी भाड्याच्या गाडीलाही लागू आहे का, हे निघण्यापूर्वीच विमा कंपनीकडून निश्चित करून घ्यावे.

प्रश्न 2: याच वाचकांनी पुढे विचारले आहे की डेबिट कार्डाऐवजी रोख रक्कम किंवा प्रीपेड कार्ड नेणे अधिक सुरक्षित आहे का, आणि मुलीने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर आईवडिलांची नावे घातली तर ते कायदेशीर ठरेल का.

उत्तर: कार्ड चोरीला गेल्यास क्रेडिट कार्डधारकाची जबाबदारी संघीय कायद्याने जास्तीत जास्त 50 डॉलरपर्यंत मर्यादित केली आहे. डेबिट कार्डाच्या बाबतीत चोरी लक्षात आल्यापासून कामकाजाच्या 2 दिवसांत बँकेला कळवल्यास हीच 50 डॉलरची मर्यादा लागू होते; उशीर झाल्यास ती 500 डॉलरपर्यंत जाते, आणि गैरव्यवहार दाखवणारे विवरणपत्र बँकेने पाठवल्यापासून 60 दिवस उलटूनही कळवले नाही तर त्यानंतरच्या नुकसानीला कायद्याने मर्यादाच राहत नाही. म्हणून प्रवासात प्रत्येक व्यवहाराची सूचना मोबाइलवर येईल अशी सोय करून खात्यावर रोज नजर ठेवली, तर डेबिट कार्ड पुरेसे सुरक्षित राहते. प्रीपेड कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरण्याचे कार्ड, दुकानात चालत असले तरी गाडी ताब्यात घेताना ते बहुधा नाकारले जाते, आणि ते स्वतःच्या नावाने नोंदवून ओळख पटवलेली नसल्यास हरवल्यावर पैसे परत मिळण्याचा हक्क दुबळा पडतो. रोख रक्कम हरवली की तिला कोणतेच संरक्षण नाही, त्यामुळे एक-दोन दिवसांच्या जेवणखाणापुरती व टॅक्सीपुरतीच ती जवळ असावी.

मुलीच्या कार्डावर आईवडिलांना ऑथराइज्ड युजर, म्हणजे अधिकृत वापरकर्ता, म्हणून जोडणे पूर्णपणे कायदेशीर आहे. अशा वापरकर्त्याला स्वतःच्या नावाचे कार्ड मिळते, त्याच्या पतअहवालाची तपासणी सहसा होत नाही, आणि बिल भरण्याची कायदेशीर जबाबदारी मूळ कार्डधारकावर राहते. नाव चालकाच्या परवान्याशी जुळत असल्याने गाडीच्या काउंटरवर हे कार्ड उपयोगी पडते, तर मुलीचे कार्ड नुसते हाती घेऊन गेल्यास ते नाकारले जाते. मात्र बिलाची जबाबदारी मुलीवर राहत असल्याने हा मार्ग अत्यंत जबाबदारीने वापरला पाहिजे. आईवडिलांनी केलेला खर्च वेळेवर चुकता झाला नाही, तर आता कुठे कमावू लागणाऱ्या मुलीची पत खालावते, आणि एका पिढीच्या आर्थिक संकटाची झळ दुसरीला बसते. खर्चाची रक्कम मुलीच्या खात्यात आधी भरून मगच कार्ड वापरणे हा यातला निर्दोष मार्ग आहे.

याच्या जोडीने स्वतःचे सिक्युअर्ड कार्ड घेणे हितावह ठरते. या कार्डासाठी साधारण 200 ते 500 डॉलर बँकेत अनामत ठेवावे लागतात आणि तेवढीच खर्चाची मर्यादा मिळते, परंतु व्यवहारात ते क्रेडिट कार्डच असते. वेळेवर भरलेल्या प्रत्येक बिलाची नोंद इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व ट्रान्सयुनियन या पतनोंदणी संस्थांकडे जाते की नाही, हे विचारूनच ते निवडावे. चॅप्टर 7 ची नोंद पतअहवालावर अर्ज दाखल झाल्यापासून 10 वर्षे राहू शकत असली, तरी नवे कार्ड मिळण्यासाठी 10 वर्षे थांबावे लागत नाही. डिस्चार्जनंतर घरी येणाऱ्या आकर्षक प्रस्तावांपासून मात्र सावध राहिले पाहिजे. 2009 च्या क्रेडिट कार्ड कायद्याने पहिल्या वर्षाच्या शुल्कावर पतमर्यादेच्या 25 टक्क्यांची कमाल घातली आहे, पण त्याचा अर्थ असाही होतो की 300 डॉलरच्या मर्यादेच्या विनातारण कार्डावर 75 डॉलर शुल्क कायदेशीरपणे लागू शकते, आणि ते पहिल्याच बिलात धरले गेल्यास वापरायला 225 डॉलरच उरतात. सिक्युअर्ड कार्डाची अनामत, देणे थकलेले नसल्यास, परत मिळते. असे शुल्क परत मिळत नाही.

प्रश्न 3: हिवाळ्यात पुण्याला जाण्याचा या दांपत्याचा विचार आहे. तिथे कार्डाविना काय सोय होईल, आणि पतीच्या वडिलोपार्जित शेतजमिनीतील हिश्शाचा दिवाळखोरीशी काही संबंध येतो का, असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

उत्तर: भारतातील प्रवास या दृष्टीने अमेरिकेतील प्रवासापेक्षा सोपा आहे. गाडी बहुधा ड्रायव्हरसह ठरवली जाते, हॉटेले डेबिट कार्ड, यूपीआय किंवा रोख स्वीकारतात, आणि ज्या अनिवासी भारतीयांचे भारतीय बँकेत एनआरई किंवा एनआरओ खाते आहे त्यांना, बँकेने सोय दिलेली असल्यास, अमेरिकेतील मोबाइल क्रमांकावरही यूपीआय वापरता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांसाठी 2023 पासून यूपीआय वन वर्ल्ड नावाची आधी पैसे भरण्याची सोय उपलब्ध झालेली आहे. रोख नेणाऱ्यांना अमेरिका सोडताना 10,000 डॉलरहून अधिक रक्कम असल्यास तिकडच्या सीमाशुल्क विभागाला, तर भारतात उतरताना परकीय चलनाच्या नोटा 5,000 डॉलरहून अधिक किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून 10,000 डॉलरहून अधिक असल्यास भारतीय सीमाशुल्क विभागाला जाहीर करावे लागते. ही मर्यादा चुकवण्यासाठी पैसे कुटुंबीयांत वाटून नेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. जाहीर केलेल्या रकमेवर मात्र कर लागत नाही.

जमिनीचा प्रश्न प्रवासापेक्षा गंभीर आहे. अमेरिकी दिवाळखोरी कायद्यानुसार अर्जदाराची मालमत्ता जगात कोठेही असली तरी ती अर्जासोबतच्या परिशिष्टांत दाखवावी लागते, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव असलेला हिस्सा, पुण्यातील बँकेतील ठेव किंवा भावांबरोबर सामाईक असलेले घर यांचा उल्लेख त्यात असलाच पाहिजे. इतकेच नव्हे, तर अर्ज दाखल झाल्यापासून 180 दिवसांच्या आत वारसाहक्काने काही मिळण्याचा अधिकार निर्माण झाला, तर तेही ट्रस्टीला कळवावे लागते. असा हिस्सा अनवधानाने राहून गेला असेल, तर पुण्याला जाऊन वाटणीपत्रावर किंवा हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी आपल्या दिवाळखोरी वकिलाला सांगून परिशिष्टे दुरुस्त करून घ्यावीत, कारण जाणूनबुजून केलेली लपवणूक उघड झाल्यास मिळालेली कर्जमुक्ती रद्द होऊ शकते आणि फौजदारी कारवाईही होऊ शकते.

प्रामाणिकपणे सर्व काही जाहीर करून कर्जमुक्त झालेल्या कुटुंबाने मुलीच्या समारंभाला जाण्यात कोणताही संकोच बाळगण्याचे कारण नाही. प्रामाणिक कर्जदाराला पुन्हा उभे राहण्याची संधी मिळावी, हाच या कायद्याचा उद्देश असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1934 मध्येच स्पष्ट केले आहे. या वाचकांनी प्रथम सिक्युअर्ड कार्डासाठी अर्ज करावा, त्याच आठवड्यात प्रवासाचे स्वतंत्र खाते उघडावे, त्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा करावी आणि गाडीच्या शाखेशी बोलणे झाल्याखेरीज विमानाचे तिकीट काढू नये. एखाद्या शाखेने डेबिट कार्ड नाकारले, तर रेल्वे, बस किंवा मुलीच्या घराजवळचे हॉटेल असे पर्याय तिकीट काढण्यापूर्वी खुले असतात. तिकीट काढल्यानंतर तेच पर्याय महाग पडतात.