दुःखाच्या घरी कोणते गीत?



धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या घरातून देव्हारा गेला, नवस-सायास गेले, उपासतापास गेले. हे योग्यच झाले. परंतु नवदीक्षित कुटुंबापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो, आणि तो सुखाच्या दिवशी नव्हे, तर दुःखाच्या दिवशी. घरात मृत्यू होतो, कारखान्याला टाळे लागते, हाती आलेले पीक जाते. पूर्वी अशा वेळी रात्रभर भजन होई. ओळखीचे शब्द कानावर पडत आणि जड रात्र कशीबशी सरत असे. ते शब्द आपण सोडले. आता तोंडी कोणते शब्द यावेत? त्रिशरण-पंचशील पाठ असते, पण पालीचा अर्थ अजून अंगी मुरलेला नसतो. भीमगीते येतात, पण ती जयंतीच्या मिरवणुकीची, असा समज असतो. मग घर मुके होते. आणि मुक्या घरात जुन्या गोष्टी चोरपावलांनी परत शिरतात. कोणी अंगारा आणतो, कोणी दहाव्या-तेराव्याची आठवण करून देतो. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा आपण केलेली आहे. ती पाळायची, तर दुःखी माणसाला धीर देणारे शब्दही आपल्याजवळ हवेत.

असे शब्द आपल्याजवळ आहेत. सुत्तपिटकाच्या खुद्दक निकायात थेरगाथा आणि थेरीगाथा असे दोन ग्रंथ आहेत. थेरीगाथेत ७३ रचना आहेत. त्या भिक्खुणींच्या, म्हणजे आपल्या आयाबहिणींसारख्या स्त्रियांच्या नावे आहेत. कोणी मूल गमावलेली, कोणी दासी, कोणी दारिद्र्याने गांजलेली. आपले दुःख आणि त्यातून निघालेली वाट त्यांनी गाथेत सांगितली आहे.

उब्बिरीचे उदाहरण घ्या. जीवा नावाची तिची मुलगी वारली. ती स्मशानात जाऊन मुलीच्या नावाने आक्रोश करी. तथागतांनी तिला गप्प बस म्हटले नाही, आणि मुलगी परत मिळेल असेही सांगितले नाही. जीवा याच नावाच्या ८४ हजार मुली या स्मशानात जळून गेल्या, त्यांपैकी तू कोणासाठी रडतेस, एवढेच त्यांनी विचारले. ८४ हजार हा आकडा मोजदादीचा मानू नका. अगणित, एवढाच त्याचा आशय घ्यावा. त्या एका प्रश्नाने उब्बिरीला दिसले की या जागी आपल्यासारख्या असंख्य आया रडल्या आहेत. काळजात रुतलेला बाण निघाला, असे ती गाथेत सांगते. मूल गेलेल्या आईने ही गाथा ऐकली, तर तिचे मूल परत येणार नाही. पण आपण एकट्या नाही, हे तिला कळेल.

थेरगाथेत सुनीत भेटतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हलक्या मानलेल्या लोकांच्या धम्मदीक्षेच्या कथांत त्याची कथा घेतली आहे. थेरगाथेत तो स्वतः सांगतो की आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, सुकलेली फुले काढून टाकण्याचे काम करीत होतो, लोक तिरस्कार करीत आणि आपण सर्वांपुढे वाकत होतो. एके दिवशी तथागत भिक्खुसंघासह नगरात येताना दिसले. सुनीताने खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि तो वंदनास गेला. तथागत त्याच्यासाठी थांबले. ज्याला पाहून लोक दूर सरत, त्याच्यासाठी बुद्ध थांबले! ज्या वाचकाला आजही नोकरीच्या ठिकाणी जातीवरून टोमणा ऐकावा लागतो, त्याने ही गाथा स्वतःची म्हणून वाचावी.

हाच धागा आपल्या मराठी गीतांत आहे. निरक्षर माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचविण्याचे मोठे काम आंबेडकरी जलशांनी केले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी गावोगाव फिरून तीच परंपरा पुढे नेली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या मोठ्या संग्रहात बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या आज्यांनी दळता दळता आपले कष्ट आणि आपला भीम एका सुरात गुंफला. म्हणून भीमगीत हे केवळ १४ एप्रिलचे, असे समजू नये.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. गीत म्हणजे मंत्र नव्हे. गाथा अमुक वेळा म्हटली की संकट टळते असे मानले, तर देव्हारा गेला तरी देव्हाऱ्याची वृत्ती घरातच राहिली असे होईल. धम्मपदाची शिकवण अशी आहे की निरर्थक हजार गाथांपेक्षा मन शांत करणारी एक अर्थपूर्ण गाथा श्रेष्ठ. पुष्कळ पठण करून आचरण न करणारा माणूस दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा आहे, हेही त्यातच सांगितले आहे. सुराची गोडी वाईट नाही; पण अंगुत्तर निकायात भिक्खूंना इशारा आहे की धम्म लांबलचक आलाप घेऊन म्हटला, तर म्हणणारा स्वतःच्याच आवाजात गुंततो. जे गीत ऐकून माणूस नुसता रडत बसतो किंवा दारूच्या गुत्त्याकडे वळतो, ते गीत धीर देणारे नव्हे.

मग गीताचा अर्थ आपल्यापुरता कसा काढावा? चार आर्यसत्यांच्या क्रमाने गीताला चार प्रश्न विचारावेत.

१. हे गीत कोणते दुःख सांगते? ते माझ्या दुःखाशी कोठे जुळते?
२. त्या दुःखाचे कारण ते काय सांगते? नशीब सांगते, की माणसाला समजेल असे कारण सांगते?
३. या दुःखातून बाहेर पडता येते, असा विश्वास त्यात आहे काय?
४. ते ऐकून उद्या सकाळी मी कोणते एक पाऊल उचलावे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लहान असले तरी चालेल. बुडालेल्या मजुरीसाठी संघटनेकडे जाणे, मुलीचे नाव पुन्हा शाळेत घालणे, शेजारच्या विधवेची विचारपूस करणे, दारू सोडणे. गीताचा खरा अर्थ या उत्तरात आहे.

प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातून एक सायंकाळ यासाठी ठेवावी. वंदना झाल्यावर एक गाथा मराठी अर्थासह वाचावी किंवा एक भीमगीत म्हणावे. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आठवणीतील ओव्या विचाराव्यात आणि मुलांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात. मग वरील चार प्रश्नांवर सर्वांनी बोलावे. सुनेनेही बोलावे, लहान मुलानेही बोलावे. सुखाच्या दिवसांत ही सवय लागली, तर दुःखाचा दिवस उगवेल तेव्हा शब्द शोधावे लागणार नाहीत. ज्या घरी मृत्यू झाला असेल, तेथे चार घरांनी मिळून जावे, त्रिशरण-पंचशील घ्यावे, उब्बिरीची गाथा सोप्या मराठीत सांगावी आणि त्या आईजवळ बसून राहावे.

नमो बुद्धाय! जयभीम!